एकच कॅमेरा, दोघांचे बोलणे

जत्रेतली नाटके पाहत वाढलेल्या गोमंतकीय माणसाला 'समोर बसणे' म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. देवळापुढच्या मंचावर राजा आणि राणी बोलत असतात, प्रेक्षक एकाच बाजूला. दोघेही पूर्ण दिसतात आणि कोणाकडे पाहायचे ते आपण ठरवतो. राणीचे भाषण चालू असताना मी कितीदा तरी राजाच्याच तोंडाकडे पाहत बसलो आहे. चित्रपट हे स्वातंत्र्य आपल्याकडून काढून घेतो. त्याबदल्यात तो आपल्याला काय देतो?

उत्तरासाठी एकाच कथेचे दोन चित्रपट घेऊ. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा. कॅमेरा बहुतेक समोर, नाटकाच्या प्रेक्षकासारखा. तारामती झाले होते अण्णा साळुंके. चित्रपट मुका असल्यामुळे पात्रांचे बोलणे पाटीवर लिहून दाखवायचे. एकोणीस वर्षांनी, १९३२ साली, कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने तीच कथा 'अयोध्येचा राजा' म्हणून बोलती केली. दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गा खोटे, मूळच्या गोव्याच्या लाड घराण्यातल्या. आता शब्द पाटीवरून उतरून चेहऱ्यावर आला होता. त्यामुळे कॅमेऱ्यालाही चेहऱ्याजवळ जाणे भाग होते.

पण कॅमेरा एक आणि चेहरे दोन! मग करायचे काय? जगभर रुळलेली रीत अशी. आधी दोघे दिसतील असा संपूर्ण प्रवेश एका दमात घ्यायचा, त्याला 'मास्टर' म्हणतात. मग राजाच्या खांद्यावरून राणी, राणीच्या खांद्यावरून राजा, शेवटी दोघांचे जवळून चेहरे. एका बाजूची सगळी दृश्ये आधी उरकतात, कारण कॅमेरा फिरला की दिवेही फिरवावे लागतात. पडद्यावर राजाच्या प्रश्नाला राणी क्षणात उत्तर देते. प्रत्यक्षात त्या दोन वाक्यांमध्ये जेवणाची सुट्टीसुद्धा होऊन गेलेली असते.

याचा हिशेबही पाहा. बोलपटाच्या वेगाने ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. तीन मिनिटांचा प्रवेश म्हणजे २७० फूट. तो वरच्या पाचही जागांवरून पूर्ण घेतला, तर कोणी एकदाही न चुकता १३५० फूट फिल्म संपते. 'अयोध्येचा राजा' तर मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत होता, म्हणजे खर्च दुप्पट. म्हणून काटकसरी दिग्दर्शक कोणते वाक्य कोणत्या बाजूने लागणार हे आधीच मनाशी ठरवतो आणि तेवढेच चित्रित करतो.

यात एक नियम पाळावा लागतो. बोलणाऱ्या दोघांना जोडणारी एक रेषा कल्पायची आणि कॅमेरा कुठेही नेला तरी ती ओलांडायची नाही. ओलांडली, तर समोरासमोर बसलेली माणसे पडद्यावर एकाच दिशेला पाहताना दिसतात. आपल्या मंचाची पुढची कड हीच ती रेषा, असे मला वाटते. नाटकात ती बांधलेलीच असते. चित्रपटात ती डोक्यात धरावी लागते. जपानचे यासुजिरो ओझू मात्र 'टोकियो स्टोरी'त (१९५३) ती सर्रास ओलांडतात. त्यांची पात्रे जवळजवळ आपल्याकडेच पाहून बोलतात.

नटाला मात्र हे सारे जड जाते. तेच वाक्य, तोच सूर, हात त्याच शब्दावर वर आणि तोही पाच वेळा! जवळचा चेहरा घेताना समोरचा नट कधी कधी तिथे नसतोही. कॅमेऱ्याशेजारून कोणीतरी वाक्ये वाचून दाखवतो. बालगंधर्व 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त (१९३५) एकनाथ झाले, पण त्यांचा आणि प्रभातचा संबंध त्या एका चित्रपटापुरताच राहिला. त्याची कारणे अनेक असतील. मला एक जाणवते ते असे : नाट्यगृहात वन्समोर म्हणजे दाद, स्टुडिओत वन्समोर म्हणजे काम.

मग मिळते काय? ऐकणाऱ्याचा चेहरा. 'संत तुकाराम' (१९३६) पाहा. गौरी यांची जिजाई फणकाऱ्याने बोलत असते आणि विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा ऐकत असतात. त्या संसाराचे सारे सुखदुःख जितके तिच्या शब्दांत आहे, तितकेच त्यांच्या ऐकण्यात आहे. मंचावर हा सूक्ष्म भाव मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही.

दूरदर्शनच्या स्टुडिओत पुढे अनेक कॅमेरे एकाच वेळी चालू लागले. काम झटपट होऊ लागले, पण सगळ्या बाजूंना एकदम पुरेल असा उजेड म्हणजे कोणत्याच चेहऱ्याचा खास उजेड नव्हे. उलट चैतन्य ताम्हाणे यांनी 'कोर्ट'मध्ये (२०१४) कॅमेरा पुन्हा दूर, स्थिर ठेवला. वकील, न्यायाधीश, आरोपी सगळे एका चौकटीत, आणि कोणाकडे पाहायचे हे पुन्हा प्रेक्षकाच्या हाती. शंभर वर्षांनी फाळक्यांची जागा परत घेतली म्हणा ना! फरक एवढाच, की फाळक्यांपुढे बाकीच्या वाटा अजून उघडायच्या होत्या आणि ताम्हाण्यांनी त्या माहीत असून बाजूला ठेवल्या.

म्हणून दोन माणसे पडद्यावर बोलत असली, की मी हल्ली एवढेच पाहतो : दिग्दर्शकाने बोलणाऱ्याला दाखवले की ऐकणाऱ्याला? त्याला कोणाचे दुःख मोठे वाटते, हे तिथेच कळते.