लाईनीत या!

परवा अकराच्या सुमारास मी काउंटरवरून ओरडलो, "लाईन गेलीय, लाईन मोडू नका!" आमच्या शाखेत हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी म्हणावं लागतं आणि एरवी ते सगळ्यांना कळतं. त्या दिवशी मात्र पेन्शनच्या रांगेतले एक सुतार आजोबा म्हणाले, "साहेब, गेलेली लाईन मोडायची कशी?"

प्रश्न रास्त होता. गेली होती ती इंटरनेटची, उभी होती ती माणसांची. मी कॉमर्सचा पदवीधर. शब्दांच्या वाटेला सहसा जात नाही. पण संध्याकाळी घरी शब्दकोश काढला, तर लाईनच्या मुळाशी निघाला चक्क जवस!

लॅटिनमध्ये जवसाला 'लिनम' म्हणत आणि त्याच्या वाखाच्या दोऱ्याला 'लिनिया'. हा दोरा ताणायचा आणि सरळ काय ते ठरवायचं. इंग्रजीत पोचेपर्यंत दोऱ्याची रेघ झाली. लिनन, कोटाचं लायनिंग, क्रिकेटच्या बॅटला चोपडायचं लिन्सीड तेल ही सगळी त्याच घरची मंडळी. "तुझी जवसाची चटणी आणि माझी लाईन एकाच कुळातली," असं मी हिला सांगितलं. हिनं फक्त चटणीची वाटी जरा लांब सरकवली.

यात साहेबाचं कौतुक तरी किती करायचं? आपला सुतार रंगात भिजवलेला दोरा फळीवर ताणून टिचकीसरशी सोडतो आणि रेघ उमटते. मापालाही तो सूतच म्हणतो, इंचाचे आठ. सुतार हा शब्दच मुळी 'सूत्रधार'वरून आलाय.

पुढे साहेबाची रेघ सरळपणा सोडून वळणं घेऊ लागली. पॅरिसच्या दिओरनं 1955 मध्ये बायकांच्या कपड्यांत 'ए-लाईन' आणली. (या विषयावर मी घरात जास्त बोललो नाही.) त्याच्या खूप आधी, पृथ्वीचं वजन काढायचं म्हणून 1774 मध्ये स्कॉटलंडातला शिहॅलियन डोंगर मोजला होता. चार्ल्स हटन नावाच्या गणितज्ञापुढे उंचीच्या आकड्यांचा ढीग आला. त्यानं सारख्या उंचीचे आकडे रेघेनं जोडले आणि कागदावर डोंगराचा आकार दिसू लागला. नकाशातल्या समोच्च रेषा त्या ह्याच. आकड्यांतून डोंगर उभा राहतो हे मला आमच्या थकीत कर्जांमुळे ठाऊक होतं, पण स्कॉटलंडात तो आधीपासून होता.

पंजाब-बंगालमध्ये मात्र रेघ आधी नव्हती. रॅडक्लिफ हे लंडनचे वकील त्यापूर्वी कधी भारतात आले नव्हते. 8 जुलै 1947 ला ते आले आणि पाच-सहा आठवड्यांत दोन्ही प्रांत चिरून मोकळे झाले. रेघ जाहीर झाली 17 ऑगस्टला, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. तोवर मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा झेंडा लागला होता आणि खुलन्यात भारताचा. दोन्ही उलटे निघाले! आमच्याकडे व्हाउचरवर एक आकडा खोडला तरी सही लागते. इथं लाखो माणसं खोडली गेली, घरंदारं टाकून चालत सुटली. रॅडक्लिफ पुन्हा इकडे फिरकले नाहीत.

पुढच्या महिन्यात आजोबा आले. मी उत्साहानं जवस, दोरा, सूत्रधार सगळं ऐकवलं. मागची रांग चुळबुळ करू लागली. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पासबुक पुढं सरकवलं.

"ते असू द्या साहेब. आज लाईन आहे ना?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. नव्हती.