बंद पाकीट आणि छापील पान

एखाद्या लेखकाला त्याच्या लेखनाविषयी जे सांगायचे, ते पत्राने कळवावे की चारचौघांसमोर मांडावे, हा प्रश्न मराठीत छापखान्याइतकाच जुना आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली आणि लोकहितवादी व जोतीराव फुले यांचा छापील पानावरच समाचार घेतला. त्यातला उपहास आज खटकतो. पण टीका उघड असल्यामुळे तिची शहानिशा पुढच्या पिढ्यांना करता आली.

१८८५ चा प्रसंग अधिक बोलका आहे. पुण्यात भरणाऱ्या ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण न्या. रानडे यांच्याकडून फुल्यांना गेले. फुल्यांनी पत्राने नकार कळवला आणि ते पत्र 'ज्ञानोदय'मध्ये छापून आले. घरी पोचून तिथेच राहिले असते, तर तो एका गृहस्थाने दुसऱ्याला दिलेला नकार ठरला असता. छापले गेल्याने तो साऱ्या ग्रंथकारांना विचारलेला जाब झाला : ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला जागा नाही, त्यांच्या मेळाव्यात आम्ही का यावे? मराठी साहित्यातील विद्रोहाचा इतिहास सांगताना आजही या पत्रापाशी थांबावे लागते.

खासगी अभिप्रायाची परंपरा मात्र 'सत्यकथा'च्या काळात बहरली. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक आलेली कथा बारकाईने वाचत आणि तिच्यात काय कमी आहे ते लेखकाला कळवत. अनेक नवे लेखक या पत्रांवर वाढले. चारचौघांत पाणउतारा न होता दोष समजणे ही लहान गोष्ट नव्हे. पण वाचकाला दिसे ती केवळ तयार झालेली कथा; कोणते लेखन का परत गेले, हे बाहेर कळत नसे. मूठभरांच्या अभिरुचीची ही सत्ता नव्या लेखकांना जाचू लागली. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'ची जाहीर होळी केली. बंद दाराआडच्या निवडीला रस्त्यावरचे उत्तर मिळाले, असे म्हणता येईल.

पत्र छापले की त्याचा अर्थही बदलतो. धारवाडचे जी. ए. कुलकर्णी सभा-समारंभांपासून दूर राहत. पत्रांत मात्र मोकळेपणाने लिहीत. १९८७ मध्ये ते गेले, त्यानंतर त्यांची निवडक पत्रे पुस्तकरूपाने आली, सुनीता देशपांडे यांना लिहिलेलीही. सुनीताबाईंची त्यांना लिहिलेली पत्रे 'प्रिय जी. ए.' या नावाने २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. एका वाचकासाठी लिहिलेले शेकडोंनी वाचले. मराठीला त्याचा लाभच झाला. परंतु छापले जाणार हे ठाऊक असते, तर ती पत्रे तशी उतरली असती का, ही शंका उरतेच.

कायद्यात येथे एक भेद आहे, जो पुष्कळांना माहीत नसतो. पत्राचा कागद ज्याला मिळाला त्याचा. मजकुराचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो लेखकाच्या मृत्यूनंतर वारसांकडे जातो. त्यामुळे मोबाइलवर आलेल्या सविस्तर खासगी अभिप्रायाचे छायाचित्र काढून ते चारचौघांत फिरवणे दिसते तितके निरुपद्रवी नाही. व्याकरणाची चूक खासगीत सांगणे सभ्यपणाचे. वाचकाची दिशाभूल करणारी माहिती मात्र उघडपणेच दुरुस्त व्हायला हवी, कारण ती उघडपणे पसरलेली असते. वाङ्मयचौर्याचा संशय आल्यास आधी लेखकाला विचारावे, पुरावा हाती असेल तरच जाहीर करावे. आरोप मागे घेतला तरी डाग पुसला जात नाही.

जुन्या वादांचे छापील अर्धे अंग आज संग्रहांत सापडते. बदलापुरात श्याम जोशी यांनी उभारलेल्या 'ग्रंथसखा'सारख्या वाचनालयामुळे दुर्मीळ मराठी ग्रंथ वाचकांपर्यंत पोचले. त्याच वादांतली पत्रे मात्र घरोघरच्या ट्रंकांत राहिली, आणि घर रिकामे करताना बहुधा रद्दीच्या तराजूत गेली.