भायखळा-परळची निवडणूक (१९३७) : प्रतिनिधी कोणाचा?

दि. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी मुंबई इलाख्याच्या विधानसभेसाठी मतदान झाले. मुंबई शहरातील भायखळा-परळ मतदारसंघातील राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. १९३५ ची येवल्याची घोषणा आणि १९५६ चे नागपूरचे धम्मदीक्षा ग्रहण यांच्या दरम्यानची ही घटना आपल्याकडील चरित्रलेखनात बहुधा दोन-तीन वाक्यांत आटोपली जाते. वस्तुतः प्रतिनिधित्वाचा जो प्रश्न बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत मांडला, त्याची पहिली कसोटी या निवडणुकीत लागली. म्हणून तिचा स्वतंत्र विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम तिची घटनात्मक पार्श्वभूमी पाहू. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. गांधीजींच्या उपोषणानंतर २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे कराराने ते गेले आणि त्यांच्या बदल्यात प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. त्यांपैकी मुंबई इलाख्याच्या वाट्याला १५ होत्या. करारातील योजना अशी होती की, प्राथमिक निवडणुकीत अस्पृश्य मतदारांनी प्रत्येक जागेसाठी चार उमेदवार निवडावेत आणि त्या चौघांतून अंतिम निवड संयुक्त मतदारसंघाने करावी. याचा अर्थ स्पष्ट आहे. अस्पृश्यांच्या मते चौथा ठरलेला उमेदवारही सवर्णांच्या मतांवर अस्पृश्यांचा प्रतिनिधी होऊ शकत होता. जागा राखीव होती. निवड राखीव नव्हती.

या चौकटीत राहून लढावयाचे तर स्वतःची संघटना हवी होती. मे १९३६ च्या अखेरीस मुंबईत भरलेल्या महार परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची मीमांसा केली. ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या भाषणाचा समारोप त्यांनी महापरिनिब्बान सुत्तातील उपदेशाने केला. स्वतःच स्वतःचा दीप व्हावे, अन्य कोणास शरण जाऊ नये, हा तो उपदेश. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ऑगस्ट १९३६ मध्ये, स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना झाली. या दोन घटना सहसा निरनिराळ्या प्रकरणांत वाचल्या जातात. माझ्या मते ‘अत्तदीप’ या तत्त्वाचाच तो राजकीय विनियोग होता. मात्र अत्तदीप होणे म्हणजे एकाकी होणे नव्हे. पक्षाच्या जाहीरनाम्यात कुळांचे संरक्षण, कामगारांना रास्त वेतन, सक्तीचे प्राथमिक शिक्षण असे सर्व श्रमिकांना लागू पडणारे विषय होते, आणि त्याच्या उमेदवारांत महाडच्या लढ्यातील अनंतराव चित्रे व सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सवर्ण सहकारीही होते.

प्रचाराला अवधी थोडा होता. नोव्हेंबर १९३६ मध्ये बाबासाहेब युरोपला गेले आणि १४ जानेवारी १९३७ रोजी परतले. मतदानाला जेमतेम एक महिना उरला होता. हाताशी ‘जनता’ साप्ताहिक होते आणि चाळीचाळींतून राबणारे कार्यकर्ते होते. परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेबांनी आयुष्यातील अनेक वर्षे काढली होती. तेथील दामोदर हॉलमध्ये त्यांचे कार्यालय होते. हा गिरणगाव त्यांना परका नव्हता. पण त्या काळी मताधिकार सार्वत्रिक नव्हता. भाडे, कर, शिक्षण अशा अटींत न बसणारे असंख्य कामगार सभेला येऊ शकत. मतपेटीपर्यंत पोहोचू शकत नसत.

काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध बाळू पालवणकर यांना उभे केले. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू हे हिंदुस्थानातील श्रेष्ठ फिरकी गोलंदाज होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद जातीमुळे त्यांना मिळाले नाही. त्यांच्या गौरवात एके काळी तरुण आंबेडकरही सहभागी झाले होते. पुढे पुणे करारावर दोघांच्याही सह्या झाल्या. तेव्हा बाळूंना कोणाच्या हातचे बाहुले म्हणून उडवून लावणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांचा मान राखूनच प्रश्न विचारला पाहिजे. अस्पृश्यांमधील एक आदरणीय व्यक्ती दुसऱ्या आदरणीय व्यक्तीसमोर उभी राहते, तेव्हा निर्णय कोणाच्या मतांनी व्हावा? व्यक्ती अस्पृश्य असणे एवढ्याने ती अस्पृश्यांची प्रतिनिधी ठरते काय? पुणे कराराने अनुत्तरित ठेवलेला हा प्रश्न भायखळा-परळमध्ये प्रत्यक्ष मतपत्रिकेवर आला.

निकाल लागला तेव्हा बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली होती. फरक २,०२० मतांचा. पक्षाने १७ उमेदवार उभे केले होते, त्यांपैकी १४ निवडून आले : ११ राखीव जागांवर आणि ३ सर्वसाधारण जागांवर. १७५ सदस्यांच्या सभागृहात ही संख्या लहान होती. परंतु सहा महिन्यांच्या नव्या पक्षाला ती भूषणावह होती.

येथे पाली विनयाचे स्मरण होते. चुल्लवग्गात सलाका, म्हणजे मतशलाका, वाटून बहुमत अजमावण्याची पद्धत सांगितली आहे. शलाका गुप्तपणे, कानात कुजबुजून किंवा उघडपणे घेण्याचे तीन प्रकार तेथे आहेत. शलाका वाटणारा भिक्खू छंद, दोस, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा असावा आणि कोणाची शलाका घेतली, कोणाची नाही, हे जाणणारा असावा, असा दंडक आहे. ही आधुनिक निवडणूक नव्हे. संघात शलाका वाद मिटविण्यासाठी होती आणि बहुमतापेक्षा धम्म वरचढ होता. तथापि निर्भय मताशिवाय निर्णय शुद्ध होत नाही, ही जाण दोन्हीकडे समान आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी संघाच्या याच संसदीय परंपरेकडे लक्ष वेधले.

निवडून आल्यावर मताचा उपयोग कसा झाला, तेही पाहिले पाहिजे. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. औद्योगिक कलह विधेयकाला सभागृहात विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांच्या संपात ते रस्त्यावर उतरले. खोती विधेयक संमत झाले नाही, औद्योगिक कलह विधेयक रोखता आले नाही. पण प्रतिनिधी कोणाला उत्तरदायी आहे, हे मतदारांना दिसले.

१९३७ चा विजय म्हणजे पुणे कराराच्या पद्धतीला मिळालेले प्रमाणपत्र नव्हे. १९४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या उमेदवारांना प्राथमिक फेरीत पाठिंबा मिळूनही अंतिम फेरीत पराभव पत्करावा लागला. पद्धतीतील दोष तेव्हा उघडा पडला. १९३७ मध्ये तो झाकला गेला, तो संघटनेच्या बळावर. राखीव जागेवर निवडून येणाऱ्या प्रत्येकाला भायखळा-परळचा प्रश्न आजही विचारावा लागेल : तुम्ही कोणामधून आलात, हे आम्ही जाणतो, तुम्ही उत्तर कोणाला देणार?