बोरघाटातील दंगा आणि १८६० चा कायदा

थ्रेड. पोशीरच्या शिवारात उभे राहिले की पश्चिमेस माथेरानचा डोंगर आणि पूर्वेस सह्याद्रीची भिंत दिसते. गावाच्या नावाचीच पोशीर नदी पुढे उल्हासला मिळते. उल्हासच्या या खोऱ्यातून मे १८५६ मध्ये ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ रेल्वे नेरळ, कर्जत, पळसदरी करीत खोपोलीपर्यंत आली आणि घाटाच्या पायथ्याशी थांबली. दोनच वर्षांनी, जून १८५८ मध्ये, घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र प्रवासी पालखीने, तट्टाने किंवा बैलगाडीने ओलांडत. हा तुटलेला दुवा जोडण्याच्या कामावर जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा मोठा दंगा झाला. कामाच्या ठिकाणचे तंटे मिटवण्यासाठी हिंदुस्थानात जो पहिला कायदा झाला, त्याचे मूळ या दंग्यात आहे.

आधी कामाचे स्वरूप पाहू. पळसदरीपासून घाटमाथ्यापर्यंत १८३१ फूट चढ आणि सुमारे पावणेसोळा मैलांचा मार्ग. त्यात पंचवीस बोगदे आणि आठ मोठे दरीपूल. काही ठिकाणी चढ इतका तीव्र की दर ३७ फुटांस एक फूट उंची. हे सारे मानवी हातांनी करायचे होते. पहार आणि हातोडा यांनी काळ्या पाषाणात भोके पाडायची, त्यांत सुरुंगाची दारू ठासायची, वात पेटवून पळायचे. कड्यावर पाय ठेवायला जागा नसेल तेथे माणसे दोराने खाली सोडली जात आणि लोंबकळतच पहार चालवीत. फोडलेला दगड आणि माती डोक्यावरून वाहण्याचे काम बायका व मुले करीत. पावसाळ्यात बरेचसे काम बंद पडे, आणि पटकीची साथ आली की तळच्या तळ ओस पडत.

घाटाच्या कामाचे कंत्राट विल्यम फॅविएल याच्याकडे होते. मुंबई ते ठाणे ही १८५३ ची पहिली रेल्वे बांधणाऱ्या ‘फॅविएल आणि फाउलर’ या जोडीतला हाच तो फॅविएल. काम सुरू झाले २४ जानेवारी १८५६ रोजी. कंपनीचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने मार्ग आखला होता; त्याच्या बुद्धिमत्तेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यही आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र बोगद्यांच्या नकाशापेक्षा पैशाचा मार्ग अधिक महत्त्वाचा ठरतो.

पैसा कंपनीकडून कंत्राटदाराकडे येई. कंत्राटदाराने कामाचे तुकडे पाडून युरोपीय पोटकंत्राटदारांना दिलेले असत. पोटकंत्राटदार मुकादमांशी व्यवहार करी आणि मुकादम आपल्या टोळीला मजुरी वाटी. गावाकडून माणसे गोळा करून आणणारा, त्यांना उचल देणारा, घाटात त्यांच्या वतीने बोलणारा मुकादमच असे. पैसा पायरीपायरीने खाली उतरे आणि प्रत्येक पायरीवर अडकू शके. खणलेल्या मातीचे मोजमाप कमी धरले, दर मध्येच उतरवला, पोटकंत्राटदाराच्या हाती रोकड उरली नाही, की शेवटच्या माणसाची मजुरी थकलीच. त्याने दाद मागायची कोणाकडे? मुकादम पोटकंत्राटदाराकडे बोट दाखवी, पोटकंत्राटदार कंत्राटदाराकडे. कंपनीच्या दृष्टीने तर हा मजूर तिचा नोकरच नव्हता.

यात भर पडली मारहाणीची. काम करवून घेणाऱ्या युरोपीय देखरेख्यांपैकी अनेकांना मजुरांची भाषा येत नव्हती, आणि हात उगारणे हे त्यांपैकी काहींचे नित्याचे साधन होते. असा मार खाल्लेल्या माणसाला न्याय मिळणे जवळजवळ अशक्य होते. त्या काळच्या व्यवस्थेत मोफसलातील युरोपीय ब्रिटिश प्रजाजनावर गंभीर गुन्ह्याचा खटला चालवायचा तर तो मुंबईच्या सुप्रीम कोर्टात न्यावा लागे. रोजावर जगणाऱ्या बिगाऱ्याने साक्षीदार घेऊन मुंबईस जावे आणि तारखांची वाट पाहत तेथे राहावे, ही अपेक्षाच निरर्थक होती. थकलेल्या मजुरीसाठी दिवाणी दावा लावणे त्याच्या दृष्टीने तितकेच दूरचे.

जानेवारी १८५९ मध्ये हे सारे फुटले. मजुरी न मिळालेले मजूर मोठ्या संख्येने जमले आणि लाठ्या-दगडांनी युरोपीय कर्मचाऱ्यांवर चालून गेले. राणीचा जाहीरनामा निघून जेमतेम तीन महिने झाले होते, उत्तरेत १८५७ च्या उठावाची धग पुरती विझली नव्हती. अशा वेळी घाटात हजारोंचा जमाव गोऱ्यांवर धावून जातो, ही बातमी मुंबई सरकारला किती अस्वस्थ करून गेली असेल, याची कल्पना करता येते. सरकारने चौकशी केली, आणि ती दंगेखोरांना शोधण्यापाशी थांबली नाही. मजुरी थकवणे व कापणे, पोटकंत्राटदारांची साखळी आणि युरोपीयांकडून होणारी दांडगाई, ही कारणे सरकारी कागदांतच नोंदली गेली.

‘दंगा’ हा शब्द त्या कागदांतला. तो वापरला की हिंसेचा आरंभ त्या दिवशी झाला असे वाटू लागते. प्रत्यक्षात हिंसा आधीपासून रोज चालू होती. त्या दिवशी फक्त तिची दिशा उलटली. सरकारी चौकशीचा आशयही याहून फार वेगळा नव्हता, ही या प्रकरणातील विलक्षण गोष्ट होय.

मार्च १८५९ मध्ये फॅविएलने कंत्राट सोडले. पुढे इंग्लंडहून सॉलोमन ट्रेडवेल हा नवा कंत्राटदार आला आणि मुंबईत पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत, ३० सप्टेंबर १८५९ रोजी, मरण पावला. कंत्राट त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, आपल्या हाती ठेवले आणि अ‍ॅडमसन व क्लाउझर या अभियंत्यांना व्यवस्थापक नेमून काम पुढे नेले. एकोणिसाव्या शतकात एका स्त्रीच्या नावावर एवढे मोठे कंत्राट असणे ही स्वतंत्र थ्रेडची गोष्ट आहे. १८६१ च्या आरंभी घाटात ४२,००० हून अधिक माणसे राबत होती. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला.

दरम्यान कलकत्त्यात कायदा झाला होता: १८६० चा नववा कायदा, ‘मालक आणि कामगार (तंटे) कायदा’. रेल्वे, कालवे आणि इतर सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने तातडीने, लांबलचक दिवाणी प्रक्रियेशिवाय मिटवावेत, हा त्याचा गाभा. मजुराला निदान कागदावर जवळचे न्यायालय मिळाले. थकलेली मजुरी हे अशांततेचे कारण आहे आणि ते दूर करणे राज्याचे काम आहे, ही कबुली त्यात होती. तेथवर हा कायदा त्याच्या काळाच्या पुढे होता असे म्हणावे लागते.

पण त्याच कायद्यात दुसरी धार होती. मजुराने करार मोडला, वाजवी कारणावाचून काम सोडले, तर त्याला तुरुंगात पाठवता येई. मालकाने मजुरी बुडवली तर ती वसूल व्हायची. मजुराने काम सोडले तर तो गुन्हेगार. आदल्याच वर्षी, १८५९ च्या तेराव्या कायद्याने, उचल घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला व मजुराला तीन महिन्यांपर्यंत कैद ठरवली होती. कलकत्त्यातील युरोपीय व्यापाऱ्यांच्या मागणीवरून तो झाला होता. हे दोन कायदे एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होते. घाटातील मजुराजवळ मारकुट्या देखरेख्याविरुद्ध एकच बिनखर्चाचे शस्त्र होते, ते म्हणजे रात्रीतून गाठोडे उचलून गावी निघून जाणे. कायद्याने नेमके तेच काढून घेतले. मारहाणीविषयी तर १८६० च्या कायद्याला काही सांगायचेच नव्हते. त्याचा विषय मजुरी आणि करार एवढाच होता. दंग्यामागच्या दोन कारणांपैकी एकावर उपाय झाला, तोही अर्धा.

जुन्या खोपोली-खंडाळा रस्त्याने गेलेल्यांना शिंग्रोबाचे देऊळ ठाऊक असेल. घाटाची वाट इंग्रजांना शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याने देशाचे स्वातंत्र्य मागताच त्याला गोळी घातली गेली, अशी दंतकथा आहे. इतिहास म्हणून तिचा आधार घेता येत नाही. पण कामाचा मोबदला मागणाऱ्याच्या वाट्याला गोळी येते, ही कथा याच घाटात रुजावी, याचे नवल वाटत नाही.

पुढची वाट फार संथ होती. १८५९ चा तेरावा कायदा १९२६ मध्ये संपुष्टात आला, तर १८६० चा नववा कायदा रॉयल कमिशन ऑन लेबरच्या १९३१ च्या अहवालानंतर, १९३२ मध्ये रद्द झाला. म्हणजे काम सोडणे हा गुन्हा मानणारी तरतूद सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकली. १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला तेव्हा मजुरी कधी द्यायची याला प्रथमच ठाम मुदत मिळाली. हजाराहून कमी माणसे असतील तर वेतनकाळ संपल्यापासून सातव्या दिवसाच्या आत, एरवी दहाव्या दिवसाच्या आत. हा कायदा कारखान्यांबरोबर रेल्वेलाही लागू झाला, आणि त्यात रेल्वेच्या कंत्राटदाराने थेट किंवा ‘पोटकंत्राटदारामार्फत’ नेमलेली माणसेही स्पष्ट शब्दांत आली. बोरघाटात जी पायरी कोणाच्याच हिशेबात नव्हती, तिचे नाव सत्त्याहत्तर वर्षांनी कायद्यात उमटले.

राहिला प्रश्न वरच्या पायरीचा, हा मजूर आपला नव्हेच असे म्हणणाऱ्या कंपनीचा. त्याचे उत्तर १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने दिले. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायची. शिवाय त्या कायद्यानुसार, तो २०२५ मध्ये रद्द होईपर्यंत, पगारवाटपाच्या वेळी मूळ मालकाचा नेमलेला प्रतिनिधी तेथे हजर असावा लागे आणि कामगाराच्या हाती दिलेल्या रकमेवर त्याला आपली सही करावी लागे.