‘कायम’ काय राहिले? : १७९३ मधील एका विशेषणाचा इतिहास

विशेषण नामाचा गुण सांगते, हे व्याकरणाचे विधान राज्यकारभाराच्या संहितेला पुरेसे पडत नाही. तेथे विशेषण वचनही देते. ‘पर्मनंट’ हे इंग्रजी विशेषण ज्या लॅटिन क्रियापदापासून आले, त्याचा अर्थ ‘अखेरपर्यंत राहणे’ असा आहे. ‘राहणे’ या क्रियेला कर्ता लागतो. म्हणून हे विशेषण इतिहासात भेटते तेव्हा काय राहणार आणि कोणासाठी, हे आधी विचारले पाहिजे.

२२ मार्च १७९३ रोजी कॉर्नवॉलिसने बंगाल-बिहारमधील जमीनदारांना उद्देशून जाहीरनामा काढला आणि ‘पर्मनंट सेटलमेंट’ अस्तित्वात आली. फिलिप फ्रान्सिसने १७७६ मध्येच अशी योजना मांडली होती. जॉन शोअरचा जमीनदारांशी करार करण्यास विरोध नव्हता. त्याचा आक्षेप विशेषणाला होता. दहा वर्षांचा अनुभव घेतल्याशिवाय कायमपणाचे वचन देऊ नये, असे त्याचे मत होते. १७९२ मध्ये कंपनीच्या संचालकांनी कॉर्नवॉलिसच्या बाजूने कौल दिला. वाद मुख्यतः एका शब्दाचा होता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

संहिता बारकाईने वाचली असता असे दिसते की, कायम झाली ती सरकारची मागणी. जमीनदार कायम झाला नाही. ठरलेल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी हप्ता न भरल्यास जमीन लिलावात निघे. राजशाही, नदिया यांसारख्या जुन्या जमीनदाऱ्या अशाच खिळखिळ्या झाल्या. रयतेच्या वाट्याला तर हे विशेषण आलेच नाही. तिच्या रक्षणासाठी गव्हर्नर जनरल योग्य वाटेल तेव्हा नियम करील, एवढेच जाहीरनाम्याने म्हटले. एकाच संहितेत जमीनदाराला ‘सदैव’ मिळाले आणि रयतेला ‘योग्य वाटेल तेव्हा’. पुढे १७९९ च्या सातव्या रेग्युलेशनने थकबाकीदार रयतेची मालमत्ता जप्त करण्याचे जमीनदाराचे अधिकार वाढविले. रयतेच्या हक्कांना काहीशी निश्चिती येण्यास १८५९ व १८८५ चे कायदे व्हावे लागले.

या विशेषणाची भाषांतरेही बोलकी आहेत. बंगालीने ‘चिरस्थायी बंदोबस्त’ म्हटले, हिंदीने ‘स्थायी’ किंवा ‘इस्तमरारी बंदोबस्त’. दोन्हींत कायमपणा इंग्रजीप्रमाणेच संपूर्ण व्यवस्थेला चिकटतो. मराठीत रूढ झालेला ‘कायमधारा’ हा शब्द मात्र वेगळा आहे. ‘धारा’ म्हणजे शेतसारा. येथे विशेषण नेमके आकारणीला लागते. माणसांविषयी किंवा व्यवस्थेविषयी ते काहीच कबूल करीत नाही. मुंबई इलाख्यात मुख्यतः रयतवारी होती आणि तिची आकारणी सामान्यतः तीस वर्षांच्या मुदतीची असे. ज्या प्रदेशाला ही व्यवस्था प्रामुख्याने परकी होती, त्याच्या भाषेने मूळ संज्ञेपेक्षा अचूक संज्ञा घडवावी, हा योगायोग असेल. पण समीक्षकाने तो दुर्लक्षू नये. अनुवाद कधीकधी मूळ संहितेची टीकाही असतो.

पूर्व बंगालमध्ये १९५० च्या आणि पश्चिम बंगालमध्ये १९५३ च्या कायद्याने जमीनदारी संपविली. ‘सदैव’ची मुदत सुमारे १६० वर्षे ठरली. तथापि, विशेषण खोटे ठरले असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. तोवर त्याने आपले काम केले होते : एका वर्गाला वचन, दुसऱ्याला प्रतीक्षा आणि राज्यसंस्थेला निश्चित उत्पन्न. शब्दाचा अर्थ कोशात असतो. त्याचा विनियोग कोणाच्या हिताचा, हे इतिहासातच शोधावे लागते.