दिनविशेष : २ ऑक्टोबर
चिंतामणराव देशमुख स्मृतिदिन (१९८२)

गांधी-शास्त्री जयंतीच्या गर्दीत हा स्मृतिदिन दरवर्षी हरवतो. रायगडातील नाते गावचे चिंतामणराव १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० मध्ये केंद्रीय अर्थमंत्री. पण महाराष्ट्राला ते आठवतात १९५६ च्या राजीनाम्यासाठी. मुंबई केंद्रशासित ठेवण्याचा बेत आणि संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवरील गोळीबाराच्या चौकशीस नकार, हे दोन्ही त्यांना मान्य नव्हते. ते कुलाब्याचे (आजच्या रायगडचे) खासदार. मतदारांशी बांधिलकी त्यांनी खुर्चीपेक्षा मोठी मानली आणि संसदेत कारणे सांगून मंत्रिपद सोडले. आंदोलनाला त्याने मोठे बळ मिळाले. पुढे त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाची धुरा वाहिली. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मात्र ते हरले.