ब्राइटनेस कमी करूनही डोळे का दुखतात? डोळ्यांना सोसेल अशी स्क्रीन कशी ओळखायची

रात्रीचे साडेअकरा. बिलोलीतलं एखादं घर. आईवडील आणि लहान भावंडं झोपलीयेत, खोलीतली लाईट बंद आहे आणि घरातला मोठा मुलगा मोबाईलवर बायोलॉजीचं लेक्चर बघतोय. उजेडाने कुणाची झोपमोड नको आणि डोळ्यांनाही त्रास नको, म्हणून त्याने ब्राइटनेस पार खाली आणलाय. तरी अर्ध्या तासात डोळे चुरचुरायला लागतात, कपाळ ठणकायला लागतं.

नीटच्या तयारीसाठी लातूरला किंवा नांदेडला खोली करून राहणं प्रत्येकाला परवडत नाही. जे गावीच थांबतात त्यांचा क्लास, नोट्स, टेस्ट सिरीज सगळं सहा-साडेसहा इंचांच्या स्क्रीनवर असतं. एमपीएससी, पोलीस भरती करणाऱ्यांचंही तेच. त्यांना ‘मोबाईल कमी बघ’ असं सांगून उपयोग नाही. त्यांचा प्रश्न साधा आहे. स्क्रीन तर बघावीच लागणार, मग डोळ्यांना कमी त्रास देणारी कोणती? बारा-पंधरा हजार रुपये एकदाच खर्च करायचे असतील, तर दुकानात नेमकं काय बघायचं?

याचं उत्तर थोडं अनपेक्षित आहे. महाग स्क्रीन डोळ्यांना चांगलीच असेल असं नाही. आणि ब्राइटनेस कमी केला की डोळ्यांना आराम मिळतो, हेही प्रत्येक फोनच्या बाबतीत खरं नाही.

डोळे थकतात म्हणजे नेमकं काय होतं?

स्क्रीनमुळे होणाऱ्या त्रासात दोन-तीन गोष्टी एकत्र येतात.

पहिली म्हणजे पापण्या. आपण एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनकडे टक लावून बघताना हेच प्रमाण ५ ते ७ वर येतं. पापणी मिटली की डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरतो. तो पसरला नाही की डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो, लाल होतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हवा आधीच कोरडी असते, त्यात तोंडासमोर टेबल फॅन. डोळे आणखी लवकर सुकतात.

दुसरी म्हणजे फोकस. जवळचं बघताना डोळ्यातला स्नायू आवळलेला राहतो. तासन् तास तो सैल झालाच नाही की डोळे जड होतात, लांबचं थोडा वेळ धूसर दिसतं.

या दोन्ही गोष्टी कुठल्याही स्क्रीनवर होतात, पुस्तक वाचतानाही काही प्रमाणात होतात. तिसरी गोष्ट मात्र स्क्रीनच्या बनावटीवर अवलंबून आहे. तिचं नाव फ्लिकर, म्हणजे लुकलुकणं.

स्क्रीन लुकलुकते, पण दिसत नाही

बादलीत पाणी हळूहळू भरायचं असेल तर दोन उपाय आहेत. एक तर नळ अर्धाच उघडायचा. नाही तर नळ पूर्ण सोडायचा, लगेच बंद करायचा, पुन्हा सोडायचा. बादलीत जमणारं पाणी तेवढंच, पण धार सलग राहत नाही.

स्क्रीनचा उजेडही असाच दोन पद्धतींनी कमी करता येतो. विजेचा प्रवाहच कमी केला तर त्याला डीसी डिमिंग म्हणतात. प्रकाश सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून कमी केला तर त्याला पल्स विड्थ मॉड्युलेशन, म्हणजे पीडब्ल्यूएम म्हणतात. बंद राहण्याचा वेळ जितका जास्त, तितकी स्क्रीन अंधूक दिसते.

बहुतेक अमोलेड आणि ओलेड स्क्रीन ही दुसरी पद्धत वापरतात. खूप कमी प्रवाहात या स्क्रीनचे रंग बिघडू शकतात, म्हणून कंपन्या उघडझाप करणं पसंत करतात. आणि गंमत बघा, ब्राइटनेस जितका खाली आणाल तितकी ही उघडझाप तीव्र होते. अंधारात डोळ्यांची बाहुली मोठी झालेली असते, ते वेगळंच. सुरुवातीच्या प्रसंगातला मुलगा जे डोळ्यांच्या भल्यासाठी करत होता, त्यानेच त्याचा त्रास वाढलेला असू शकतो.

ही उघडझाप आपल्याला जाणवत नाही, पण डोळे आणि मेंदू तिची दखल घेतात. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाईट आठवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे त्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकायच्या. अशाच ट्यूबवर ब्रिटनमध्ये अर्नोल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी ऑफिसमध्ये अभ्यास केला होता. तो १९८९ साली प्रसिद्ध झाला. जुन्या चोकऐवजी वेगवान इलेक्ट्रॉनिक चोक लावल्यावर कर्मचाऱ्यांची डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण सरासरी निम्म्याहून खाली आला. ट्यूब लुकलुकतेय हे कुणाला दिसत नव्हतं, त्रास मात्र होत होता.

हा त्रास सगळ्यांना सारखा होत नाही. एकाच घरात एकजण दिवसभर अमोलेड वापरतो आणि दुसऱ्याला तासाभरात मळमळतं. म्हणून ‘माझ्या मित्राला तर काही होत नाही’ यावरून स्वतःचा फोन ठरवू नका.

हर्ट्झचा आकडा बघताना फसू नका

दुकानात १२० हर्ट्झ, १४४ हर्ट्झ असे आकडे मोठ्या अक्षरात दिसतात. तो रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा. त्याने स्क्रोलिंग मऊ वाटतं. पीडब्ल्यूएमचा आकडा वेगळा असतो आणि बऱ्याचदा बॉक्सवर नसतोच.

पीडब्ल्यूएमची वारंवारता जितकी जास्त तितकं बरं. अनेक अमोलेड फोनमध्ये ती २४० हर्ट्झच्या आसपास राहिली आहे, काही नव्या फोनमध्ये ४८० आहे. काही कंपन्या आता १९२०, २१६० किंवा ३८४० हर्ट्झची स्क्रीन देतात आणि तसं जाहिरातीत सांगतात. तुलनेसाठी एक मानक उपयोगी पडतं. अमेरिकेतल्या आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१५ मध्ये एलईडी दिव्यांच्या लुकलुकण्याबद्दल शिफारशी केल्या. प्रकाश पूर्ण चालू-बंद होत असेल तर १२५० हर्ट्झच्या वर धोका कमी आणि ३००० हर्ट्झच्या वर परिणाम जवळपास नाही, असं त्यात धरलंय. हे मानक दिव्यांसाठी आहे, पण फोनचे आकडे समजून घ्यायला पुरतं.

दुकानातच कसं तपासायचं?

यासाठी कुठलंही मशीन लागत नाही.

*दुसऱ्या फोनचा कॅमेरा.* जो फोन घ्यायचाय त्यावर पूर्ण पांढरं पान उघडा आणि ब्राइटनेस २०-३० टक्क्यांवर आणा. तुमच्या फोनचा कॅमेरा प्रो मोडवर टाकून शटर स्पीड १/१००० किंवा त्याहून वेगवान ठेवा आणि समोरच्या स्क्रीनकडे धरा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर लुकलुकणं जास्त आहे. पट्टे बारीक आणि दाट असतील तर वारंवारता जास्त. चित्र एकसारखं दिसलं तर उत्तम.

*पेन्सिल.* खोलीत अंधार करा, पांढऱ्या स्क्रीनसमोर पेन्सिल भरभर इकडून तिकडे हलवा. पेन्सिलीची सलग धूसर सावली दिसली तर ठीक. पंख्याच्या पात्यांसारख्या सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर स्क्रीन लुकलुकतेय.

*स्वतःचे डोळे.* ही सगळ्यात भरवशाची परीक्षा. घ्यायचा तोच फोन ओळखीत कुणाकडे असेल तर कमी ब्राइटनेसवर तासभर पीडीएफ वाचून बघा.

मग घ्यायचं काय?

*एलसीडी फोन.* दहा-पंधरा हजारांच्या टप्प्यात अजूनही बरेच फोन आयपीएस एलसीडी स्क्रीनचे येतात. लोक त्यांना ‘जुनी टेक्नॉलॉजी’ म्हणून नाक मुरडतात. पण एलसीडीत मागून येणारा उजेड बऱ्याचदा डीसी पद्धतीने कमी केला जातो. अमोलेडचा त्रास होणाऱ्याला स्वस्तातला एलसीडी फोन महागड्या फोनपेक्षा जास्त सोसू शकतो. मात्र काही एलसीडीही लुकलुकतात, त्यामुळे कॅमेऱ्याची चाचणी इथेही करा.

*अमोलेडच हवा असेल तर* जास्त पीडब्ल्यूएमचा किंवा सेटिंगमध्ये सोय असलेला घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या काही मॉडेलमध्ये ‘डीसी डिमिंग’, ‘अँटी-फ्लिकर’, ‘फ्लिकर प्रिव्हेन्शन’ अशा नावांनी ही सोय मिळते. ॲपलने २०१७ च्या आयफोन टेनपासून ओलेड आणला आणि २०२५ च्या आयफोन १७ मध्ये ‘डिस्प्ले पल्स स्मूदिंग’ नावाचं बटण दिलं. एवढ्या मोठ्या कंपनीला वेगळं बटण द्यावंसं वाटलं, म्हणजे तक्रार करणारे लोक मनाचे खेळ करत नव्हते.

*लॅपटॉप आणि मॉनिटर.* चकचकीत काचेपेक्षा मॅट स्क्रीन घ्या. मागची खिडकी आणि डोक्यावरची ट्यूब तिच्यात कमी दिसते. मॉनिटरवर ‘फ्लिकर-फ्री’ लिहिलेलं असेल तर ते कामाचं. सारखं वाचनच असेल तर मोबाईलपेक्षा मोठी स्क्रीन कधीही बरी, कारण ती हातभर लांब ठेवता येते.

*ई-इंक.* किंडलसारख्या ई-रीडरची स्क्रीन कागदासारखी बाहेरच्या उजेडावर दिसते. उन्हातही वाचता येते. पण व्हिडिओ लेक्चर तिच्यावर बघणं जमत नाही. फक्त पुस्तकं आणि साध्या नोट्स वाचणाऱ्यांसाठीच तो पर्याय.

‘आय केअर’ स्टिकर आणि ब्लू कटचं काय?

चष्म्याच्या दुकानात ‘मोबाईल बघता ना? मग ब्लू कट घ्या’ हे वाक्य ठरलेलं. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. साध्या काचेच्या तुलनेत ब्लू कट काचेने डोळ्यांचा ताण कमी होतो, असं त्यात दिसलं नाही. स्क्रीनचा निळा प्रकाश सूर्यप्रकाशाच्या मानाने अगदीच थोडा असतो. फोनचा पिवळट ‘आय कम्फर्ट’ मोड रात्री डोळ्यांना मऊ वाटत असेल तर लावा, पण त्याने लुकलुकणं थांबत नाही. डार्क मोडनेही थांबत नाही. उलट डोळ्यांना सिलिंड्रिकल नंबर असेल तर काळ्यावरची पांढरी अक्षरं फिस्कटलेली दिसतात.

बॉक्सवर जर्मनीच्या टीयूव्ही ऱ्हाइनलँडचं प्रमाणपत्र असेल तर ते कशाचं आहे ते वाचा. ‘लो ब्लू लाईट’ आणि ‘फ्लिकर फ्री’ ही दोन वेगळी प्रमाणपत्रं आहेत.

नवा फोन घेणं शक्य नसेल तर

- अंधारात वाचू नका. कोपऱ्यात एक छोटा बल्ब लावा, म्हणजे ब्राइटनेस फार खाली न्यावा लागणार नाही. रात्रीच्या लाईटवर मोटार चालू करायला शेतात जाता, तेव्हाही काळोखात फोन कमीत कमी वापरा.
- अमोलेड फोनवर ब्राइटनेस अर्ध्याच्या आसपास ठेवा आणि उजेड कमी करायला अँड्रॉइडमधलं ‘एक्स्ट्रा डिम’ किंवा आयफोनमधलं ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’ वापरून बघा. अनेक फोनवर याने लुकलुकणं न वाढता उजेड कमी होतो.
- अक्षरं मोठी करा, फोन फूट-सव्वा फूट लांब धरा. लेक्चर असेल तर फोन उभा करून आणखी लांब ठेवा.
- दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फूट लांब बघा. दारातून समोरच्या लिंबाच्या झाडाकडे बघितलं तरी चालेल. मुद्दाम चार-पाच वेळा पापण्या मिटा.
- पंख्याचा झोत थेट डोळ्यांवर घेऊ नका.

स्क्रीन बदलण्याआधी डोळे तपासा

हा मुद्दा शेवटी आलाय, पण करायचा सगळ्यात आधी. खूपदा दोष फोनचा नसतो, न लावलेल्या चष्म्याचा असतो. थोडा नंबर असेल तरी दिवसभर वाचताना डोकं दुखतं. चाळिशीनंतर फोन लांब धरून वाचावा लागत असेल तर जवळचा चष्मा लागलाय, एवढाच त्याचा अर्थ. जगात ८२ कोटींहून जास्त लोक या जवळच्या चष्म्याविना राहतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

बिलोली, नायगाव, देगलूर भागातल्या लोकांना तपासणीसाठी नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. उदगीरला उदयगिरी लायन्स नेत्र रुग्णालय आहे. धर्माबादच्या पलीकडे तेलंगणातल्या मुधोळला हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थानचं केंद्र आहे. शाळेतल्या मुलांना सरकारी नेत्र तपासणीतून मोफत चष्मा मिळू शकतो, शिक्षकांकडे चौकशी करा.

मेडिकलवरून मनाने ड्रॉप मात्र आणू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर दीर्घ वापराने काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो. आणि डोळा दुखून लाल झाला, अचानक कमी दिसायला लागलं, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली किंवा डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हा स्क्रीनचा थकवा नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. प्रत्येक गावाला ते जमेल असं नाही, आणि ज्याचा क्लासच मोबाईलवर आहे त्याला पूर्ण बंद करून चालणारही नाही. पण त्याचे डोळे दुखतात तेव्हा ‘दिवसभर मोबाईल, मग होणारच’ असं म्हणून विषय संपवू नका. आधी डोळे तपासून घ्या. मग अंधार करून, हातात पेन्सिल घेऊन त्याचा फोन तपासा. दोष कुठे आहे ते कळलं, तर बऱ्याचदा एका चष्म्यावर किंवा एका सेटिंगवर काम भागतं.